एरर न देणाऱ्या चुका: गंभीर आजारांच्या जनुकशास्त्रात पोस्टडॉक करताना या टाळा

स्क्रिप्ट मध्येच बंद पडली आणि पडद्यावर एरर आली, तर नशीब समजा. या कामातल्या खऱ्या चुका आवाज करत नाहीत. संगणकांच्या क्लस्टरवर रात्रभर जॉब चालतो, सकाळी सुबक मॅनहॅटन प्लॉट (जनुकीय फरकांचा आजाराशी किती संबंध, हे ठिपक्यांनी दाखवणारा आलेख) तयार असतो आणि तो साफ चुकीचा असतो. पीएचडी संपवून संख्यात्मक जनुकशास्त्राच्या लॅबमध्ये रुजू होणाऱ्यांनी कुठे नजर ठेवावी, ते इथे लिहितोय. उदाहरणं बहुतेक कोव्हिडची आहेत, कारण ‘गंभीर आजार’ या शब्दाची सगळी गुंतागुंत तिथे उघड झाली.

‘गंभीर’ कोण, हे डेटा येण्याआधी ठरवा

एडिनबरा विद्यापीठातून चालणाऱ्या ‘जेनॉमिक’ (GenOMICC) नावाच्या अभ्यासाने डिसेंबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये पहिले निष्कर्ष छापले. ब्रिटनमधल्या २०८ आयसीयूंतले २,२४४ रुग्ण म्हणजे केसेस. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे लोक, मुख्यतः यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या साठ्यातले. व्याख्या सोपी वाटते, पण आयसीयूत कोणाला हलवायचं हे फक्त आजार ठरवत नाही. खूप वयस्क, आधीच खंगलेल्या रुग्णाला कित्येकदा वॉर्डातच ठेवतात. तो दगावला तरी तुमच्या यादीत केस म्हणून येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात आयसीयूतल्या एखाद्या डॉक्टरांना गाठा आणि भरती कशी होते ते विचारा. हे फॉर्ममध्ये सापडत नाही.

कंट्रोलचंही तसंच. ‘पॉझिटिव्ह आले पण बरे झाले’ अशांनाच कंट्रोल घ्यावं, हा मोह रास्त वाटतो. पण साथीच्या सुरुवातीला चाचणी मुख्यतः फार आजारी लोकांची आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची होत होती. अशा चाळणीतून आलेल्या लोकांत प्रत्यक्षात नसलेले संबंध दिसू लागतात. सर्वसामान्य लोकसंख्येतले कंट्रोल अशा वेळी पुष्कळदा बरे, कारण त्यांच्यातले गंभीर होऊ शकणारे थोडेच असतात. अर्थात यूके बायोबँकेतले लोक ४० ते ६९ वयाचे, स्वतःहून आलेले आणि सरासरीपेक्षा तब्येतीने धड, हेही ध्यानात असू द्या.

केस एका चिपवर, कंट्रोल दुसऱ्या

ही चूक किती महागात पडते ते ‘सायन्स’मधल्या २०१० च्या दीर्घायुष्यावरच्या शोधनिबंधाने दाखवलं. शंभरीच्या लोकांपैकी काहींची तपासणी वेगळ्या चिपवर (डीएनएतले फरक वाचणाऱ्या पट्टीवर) झाली होती. त्या चिपमधले दोष जनुकीय फरक म्हणून मोजले गेले आणि २०११ मध्ये निबंध मागे घ्यावा लागला.

ओळखायचं कसं? खरा सिग्नल एकटा येत नाही, शेजारचे व्हेरियंट (डीएनएतले फरक) सोबत घेऊन मनोऱ्यासारखा उभा राहतो. एकच ठिपका आभाळात लटकत असेल, तर पी-व्हॅल्यू (जितकी लहान तितका पुरावा भक्कम) दहा कोटींत पाच या नेहमीच्या मर्यादेच्या कितीही खाली असो, आधी त्याचा क्लस्टर प्लॉट (चिपने तो व्हेरियंट नीट वाचला का, हे दाखवणारा आलेख) बघा. आणखी एक तपासणी मला सर्वांत आवडते. दोन वेगळ्या ठिकाणचे कंट्रोल एकमेकांविरुद्ध लावा, जणू एक गट केस आहे. काही निघता कामा नये. जे निघेल ती चिपची करामत.

९९

रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘माहिती नाही’साठी बरेचदा ९९ लिहितात. प्लिंक या जनुकीय विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला केस म्हणजे २, कंट्रोल म्हणजे १, आणि ० किंवा उणे ९ म्हणजे माहिती नाही. फिनोटाइपच्या, म्हणजे केस की कंट्रोल हे सांगणाऱ्या, रकान्यात एक ९९ राहिला, तर प्लिंक अख्खा रकानाच उंची-वजनासारखा मोजमापाचा समजतो आणि निमूटपणे लिनिअर रिग्रेशन करून देतो. निकालाच्या फाइलचं नाव शेवटपर्यंत वाचा: लॉजिस्टिक (केस-कंट्रोलसाठीचं रिग्रेशन) हवं तिथे लिनिअर असेल तर थांबा. लॉगमधला केस-कंट्रोलचा आकडा वहीतल्या आकड्याशी जुळवायला अर्धं मिनिट लागतं, तरी लोक ते करत नाहीत.

चिन्ह उलटलं की औषध उलटतं

जेनॉमिकच्या त्याच निष्कर्षांत आयएफएनएआर२ आणि टीवायके२ ही दोन जनुकं होती. दोन्ही इंटरफेरॉनच्या एकाच साखळीतली. पण पहिल्याची अभिव्यक्ती कमी असेल तर धोका वाढतो, दुसऱ्याची जास्त असेल तर. म्हणजे एका ठिकाणी जोर द्यायचा, दुसऱ्या ठिकाणी लगाम. बॅरिसिटिनिब हे संधिवाताचं औषध लगाम घालणाऱ्यांतलं. २०२२ मध्ये ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत त्याने रुग्णालयातल्या कोव्हिड रुग्णांचे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटले.

आता समजा, तुमचा इफेक्ट अलील (व्हेरियंटच्या दोन रूपांपैकी ज्याचा परिणाम मोजला जातो ते) उलटा धरला गेला. पी-व्हॅल्यू तीच, मनोरा तोच, फक्त सल्ला उलटा. जुन्या प्लिंकच्या निकालात ए१ म्हणून दिलेला इफेक्ट अलील हा सहसा तुमच्या डेटातला दुर्मीळ अलील असतो, संदर्भ जीनोमचा पर्यायी अलील नव्हे. दुसऱ्या डेटात दुर्मीळ कोण हे बदलू शकतं. त्यातून ए-टी किंवा सी-जी जोडीचे व्हेरियंट डीएनएच्या दोन्ही स्ट्रँडवर (धाग्यांवर) सारखेच वाचले जातात. त्यांची वारंवारता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर ते सरळ गाळा. संदर्भ जीनोमचं बिल्ड (आवृत्ती) ३७ आहे की ३८, हे प्रत्येक फाइलच्या नावातच लिहा.

युरोपातला निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका

गुणसूत्र ३ वरचा कोव्हिडचा धोका वाढवणारा तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे. तो दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के लोकांत आढळतो, युरोपात सुमारे १६ टक्क्यांत. मिश्र वंशाचा डेटा दुरुस्ती न करता एकत्र केलात, तर वंशाचा फरकच आजाराचं जनुक म्हणून हाती येईल. आणि या तुकड्यात जनुकांची गर्दी आहे. सर्वांत जवळचं तेच दोषी, असं लिहून मोकळे होऊ नका.

कराराचं घड्याळ

पोस्टडॉकचा करार दोन-तीन वर्षांचा आणि डेटाच्या परवानगीत महिने जातात. रुजू व्हायच्या आधीच विचारा: अर्ज कोणी केला, मंजुरी कुठवर आली, तुमचं नाव त्यात आहे का? दरम्यान सार्वजनिक समरी स्टॅटिस्टिक्सवर (एकेका व्यक्तीची माहिती नसलेल्या एकत्रित निकालांवर) पाइपलाइन उभी करून ठेवा. कन्सॉर्टियमच्या (अनेक संस्थांच्या गटाच्या) निबंधावर दीड-दोनशे नावं असू शकतात. पहिला लेखक कोण असेल, याचं बोलणं विश्लेषण सुरू होण्याआधी करा आणि जे ठरेल ते बॉसला त्याच दिवशी ईमेलने कळवा.