धुरातली कोंबडी: या चुका टाळा

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशकात दोन गोष्टी होतात. कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि लाकूड-कोळशाच्या धुरावर कोंबडी भाजायला निघालेल्यांचे मला फोन सुरू होतात. "कोंबडी बाहेरून काळी झालीय, आतून लाल आहे, आता काय करू?" आता काही नाही. कुकरला लावा आणि रस्सा करा. चूक तासाभरापूर्वीच झालेली असते.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे ओलं लाकूड. एका ३१ डिसेंबरला गंगापूर धरणाकडे मेहुण्याच्या मळ्यावर बेत ठरला. "दाजी, लाकडाचं टेन्शन नका घेऊ, द्राक्षाच्या काड्या ढिगानं पडल्यात." पडल्या होत्या खऱ्या, पण ऑक्टोबरच्या गोड्या (म्हणजे फळासाठीच्या) छाटणीतल्या, दोन महिने बांधावर दव खात. मी एक काडी वाकवून बघितली. मोडलीच नाही, रबरासारखी वळली. तिथेच बोलायला हवं होतं, पण सासुरवाडी! गप्प बसलो.

पावसाळ्यात अंजनेरीच्या डोंगरावर ढग उतरतात तसा पांढराफटक धूर निघाला. सगळे खूश, फोटो काढतायत. तासाभराने कोंबडीवर डांबरासारखा चिकट थर बसला होता. सासऱ्यांनी एक घास घेतला आणि विचारलं, "फवारणी केलीय का हिच्यावर?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण चुकीचा नव्हता. द्राक्षबागेवर हंगामभर औषधं मारली जातात आणि काडीची साल ती धरून ठेवते. म्हणून छाटणीच्या काड्या मी वापरतच नाही. जुनी बाग तोडली की खोडं मिळतात. ती आणून साल तासतो आणि वर्षभर पत्र्याखाली वाळवतो. एवढा उपद्व्याप नको असेल तर वखारीतून वाळलेला आंबा, पेरू किंवा बाभूळ आणा. कडुनिंब, निलगिरी, प्लायचे तुकडे नकोत.

पांढऱ्या धुराचं कारण साधं आहे. ओल्या लाकडाची उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, लाकूड धड जळत नाही आणि तो अर्धवट जळालेला कडू माल कोंबडीवर बसतो. हवा तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. व्हिडिओ बघून लाकडाचे तुकडे पाण्यात भिजवणाऱ्यांना तर हात जोडतो. पाणी आत फारसं शिरत नाही, तुम्ही फक्त विस्तव थंड करता.

दुसरी चूक घाईची. कोळसा पेटला की लगेच जाळीवर पीस! कोळशावर राखेची पांढरी साय येईपर्यंत थांबा. आणि सगळा कोळसा जाळीखाली पसरू नका. एका बाजूला लोटा, धुराचं लाकूड त्यावरच, दुसरी बाजू मोकळी ठेवा. कोंबडी मोकळ्या बाजूला, शेगडीचं झाकण बंद, कातडी कुरकुरीत करायला शेवटची पाच-सात मिनिटं विस्तवावर. दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघणाऱ्यांना माझ्या गच्चीवर बंदी आहे. डिसेंबरचा वारा आधीच उष्णता पळवतो, त्यात तुमची भर कशाला?

अख्खी कोंबडी असेल तर कात्रीने पाठीचा कणा काढून ती चपटी करा. छाती आणि मांडी बरोबरीने शिजतात. दुकानात आधीच सांगून कातडीसकट घ्या, नाहीतर तो सवयीने सोलून देतो. आदल्या रात्री लिटरला ५० ग्रॅम मिठाच्या पाण्यात चार-पाच तास, मग पुसून फ्रिजमध्ये उघडी. माझ्या आईला हे मान्य नाही. म्हणून फ्रिजचा खालचा कप्पा आमच्यात वाटून घेतलाय.

रंगावर जाऊ नका. ब्रॉयलर असते जेमतेम सहा आठवड्यांची, पूर्ण शिजली तरी हाडाजवळ लाली राहू शकते. धुरानेही मांस गुलाबी दिसतं. उलट मसाल्यातल्या हळद-मिरचीमुळे कच्चं मांस शिजल्यासारखं वाटतं. टोचायचा थर्मामीटर घ्या. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, किमान ७४ अंश सेल्सिअस. मी मांडी ८० पर्यंत नेतो, शिरा मऊ पडतात. "अंदाज आहे हो आपल्याला" म्हणणाऱ्यांचा अंदाज मी खाल्लाय.

बाकी भराभर. रॉकेलने पेटवू नका, वास जाता जात नाही. भंगारातला ड्रम कापणार असाल तर आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा, आणि जस्ताचा मुलामा असलेली जाळी विस्तवावर नको. गावरान कोंबडी जाळीवर वाया जाते, तिचा रस्साच करा. लिंबू रात्रभर लावून ठेवलं की मांस पिठूळ होतं. कच्च्या तुकड्यांचं ताट धुतल्याशिवाय शिजलेले पीस त्यात काढू नका. आणि थंडी कितीही असो, शेवटी ती शेगडी उबेला खोलीत नेऊ नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

मेहुण्याच्या त्या काड्या अजून बांधावर आहेत. या वर्षी पुन्हा फोन आलाय. मी गाडीच्या डिकीत पेरूचं लाकूड टाकून ठेवलंय, काही न बोलता.