गुडघे धरलेल्या आईला देवमासे दाखवायचेत? बोट अशी निवडा

आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले की उन्हाळ्यात घरातलं कुणीतरी म्हणतंच, "चला, देवमासे बघायला जाऊ." आमच्याकडेही तसंच झालं. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले, घरात काठी आणि बाहेर वॉकर. बोटकंपनीच्या जाहिरातीत व्हीलचेअरचं निळं चिन्ह दिसलं, तेवढ्यावर बॉस्टनहून तिकिटं काढली. धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि बोटीकडे उतरणारी शिडी (गँगवे, म्हणजे काठावरून बोटीकडे जाणारी कठड्याची उतरती फळी) घसरगुंडीसारखी खाली गेली होती. आईने एकदा शिडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी बसते इथे बाकावर." बाकीचे गेले, मी तिच्याशेजारी बसून राहिले. पुढच्या खेपेला मात्र ती बोटीत चढली. मधल्या काळात जे शिकले, ते असं.

आधी घरात बघून घ्या

"आईला चालायला त्रास होतो" एवढ्यावरून फोनवरच्या माणसाला काहीच कळत नाही. कठडा धरून किती पायऱ्या चढता येतात? न धरता किती? किती मिनिटं उभं राहता येतं? हात नसलेल्या खुर्चीतून उठता येतं का? व्हीलचेअर असेल तर त्यातून उठून चार पावलं टाकता येतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचा उंबरठा. लाटांचं पाणी आत येऊ नये म्हणून बोटीच्या दारांना बऱ्याचदा चांगला उंच उंबरठा असतो. अमेरिकेतल्या घरी बाथटबची कड ओलांडताना आई काय धरते, हे एकदा पाहा. बोटीच्या दारात तेच करायचं आहे, फक्त खालची जमीन हलती.

बोटीचा प्रकार

रबरी झोडियाक बोटी देवमाशाच्या अगदी जवळ नेतात वगैरे कितीही ऐकलं तरी त्या विसरा. लाटेवर आपटताना सगळा दणका बसलेल्या माणसाच्या कण्याला बसतो. पाठीचं दुखणं असलेल्यांना हे बोटवाले स्वतःच नको म्हणतात. हाडं ठिसूळ झालेल्या वयात तर प्रश्नच नाही. सहा जणांच्या छोट्या बोटीत चढताना बहुतेकदा मोठी ढांग टाकावी लागते.

आपल्या कामाची ती मोठी, दोन सांगाड्यांची कॅटामरान. तिचा तळ रुंद, त्यामुळे ती कमी डुलते. खालच्या डेकवर बंदिस्त खोली आणि बसायला जागा असते. वरच्या डेकवर जायला मात्र जवळजवळ नेहमी जिनाच असतो, लिफ्ट नाही. त्यामुळे खालच्या डेकवरून किती दिसतं, हाच खरा प्रश्न.

फोन कराच

ईमेलला "हो, आम्ही अ‍ॅक्सेसिबल आहोत" एवढं साचेबंद उत्तर येतं. फोन करा आणि शक्यतो धक्क्यावर काम करणाऱ्या माणसाशी बोला. मी विचारलेले प्रश्न असे: शिडीची लांबी किती, दोन्ही बाजूंना कठडा आहे का? शिडी संपल्यावर बोटीत पाय टाकताना पायरी आहे का, किती इंचांची? टॉयलेटचं दार किती इंच रुंद? खाली बसलेल्या माणसाला कठड्याच्या आरपार दिसतं का? हा शेवटचा प्रश्न कुणाला सुचत नाही. कठडा पत्र्याचा, भरीव असेल तर खुर्चीतल्या माणसाला चार तास पत्राच दिसणार. आडव्या गजांचा असेल तर समुद्र दिसतो.

बोटीचं नावही विचारून घ्या. कंपनीकडे पाच बोटी असतात, त्यातल्या दोन सोयीच्या, आणि ऐनवेळी बदलून येते तिसरीच. "बोट बदलली तर आदल्या दिवशी कळवाल का?" हे विचारायला लाजू नका. १९९० चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा अमेरिकी कायदा या कंपन्यांनाही लागू आहे, त्यामुळे हे प्रश्न त्यांना नवे नाहीत.

आणखी एक. गेटवेवर एलिफंटाच्या बोटीत चढताना खलाशी दंड धरून आपल्याला सरळ आत ओढून घेतो. इथे ते गृहीत धरू नका. बरेच जण आधाराला हात देतात, पण माणसाला उचलत नाहीत. काय करतील आणि काय नाही, ते आधीच विचारा. विजेवर चालणारी जड व्हीलचेअर असेल तर तिचं वजनही सांगा. घडी होणारी हलकी खुर्ची नेली तर निम्मे प्रश्न मिटतात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक

माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही. बॉस्टनला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात सुमारे ९ ते १० फुटांचा फरक पडतो. बोट तरंगत्या धक्क्याला लागत असेल तर तो धक्का पाण्याबरोबर खाली-वर होतो, काठ मात्र जागच्या जागी. मधली शिडी भरतीला जवळपास सपाट, ओहोटीला उभी. व्हीलचेअरसाठी १२ फुटांना १ फूट हा उतार ठीक मानतात. ४० फुटांच्या शिडीचं टोक ८ फूट खाली गेलं की तोच उतार ५ ला १ होतो. काठीवाल्या माणसाला तो उतरणं कठीण, चढणं त्याहून कठीण.

कोकणातल्या माणसाला भरतीचं गणित शिकवायला नको, पण इथे एक गोम आहे. ट्रिप साडेतीन-चार तासांची. ऐन भरतीला निघालात तर परत येईपर्यंत पाणी बरंच उतरलेलं असतं, आणि दमलेल्या पायांनी तीच शिडी चढायची. म्हणून भरतीच्या साधारण दोन तास आधी सुटणारी फेरी घ्या. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पाणी वरच राहतं. नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेची भरतीची वेळापत्रकं फुकट मिळतात. तिकीट काढायच्या आधी ती उघडा.

कुठून आणि कधी

बॉस्टनच्या बोटी स्टेलवॅगन बँक या १९९२ साली संरक्षित झालेल्या उथळ पट्ट्याकडे जातात. वाळूतल्या छोट्या माशांसाठी हंपबॅक देवमासे तिथे उन्हाळाभर येतात. केप कॉडच्या टोकावरच्या प्रोव्हिन्सटाउनहून हा पट्टा बराच जवळ, पण बॉस्टनहून तिथवर पोचण्यातच बराच वेळ जातो. बॉस्टनचा फायदा असा की मेट्रोच्या ब्लू लाइनचं अ‍ॅक्वेरियम स्टेशन धक्क्यांना लागूनच आहे आणि तिथे लिफ्ट आहे. पश्चिमेला असाल तर कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे. तिथे समुद्रातली खोल दरी किनाऱ्यालगतच सुरू होते, त्यामुळे देवमासेही लांब शोधावे लागत नाहीत. तिथे सकाळचीच फेरी घ्या, दुपारी वारा चढतो.

लाटांची उंची सगळे बघतात, पण दोन लाटांमधले सेकंदही बघा. ३ फुटांची लाट १० सेकंदांनी येत असेल तर बोट पाळण्यासारखी हलते. तीच ५ सेकंदांनी आली तर धक्के बसतात. बॉस्टनच्या पूर्वेला नोआचा ४४०१३ क्रमांकाचा बोया (समुद्रात नांगरलेलं तरंगतं मापनयंत्र) आहे, तो हे आकडे रोज देतो.

देवमासा दिसला नाही तर पुन्हा फुकट या, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. आईला दुसऱ्यांदा न्यायची ताकद आणि तिच्या परतीच्या विमानाची तारीख आपल्याला माहीत असते. म्हणून पैसे परत मिळतात का, ते विचारा आणि मुक्काम संपत आलेला असताना बुकिंग करू नका.

गोळी, पाणी, कपडे

उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. पण यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि तोल जातो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर काही गोळ्या चालतही नाहीत. डॉक्टरांना आधी विचारा आणि एकदा घरी घेऊन बघा. आमच्या आईने आलेपाकावर भागवलं. टॉयलेटच्या धास्तीने ही मंडळी सकाळपासून पाणी पीत नाहीत, त्याने मळमळ वाढते. लघवीची गोळी त्या दिवशी कधी घ्यायची हेही त्याच भेटीत विचारून टाका. जुलैतही स्वेटर आणि कानटोपी हवीच. साडी असेल तर घोट्याच्या वर. शिडीवर निरी पायात आलेली मी पाहिली आहे.

बोटीत बसताना

आधी चढू देण्याची विनंती बुकिंग करतानाच नोंदवा. पुढचं टोक, कोळी ज्याला नाळ म्हणतात, तिथे दणके सगळ्यात जास्त. खालच्या डेकवर मधल्या भागाच्या थोडं मागे, कठड्याजवळची जागा धरा. माहिती सांगणारी व्यक्ती घड्याळाच्या भाषेत बोलते: नाळ म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन. "नऊ वाजता!" ऐकू आलं की सगळी बोट डावीकडे धावते, आणि उजवीकडे बसलेली आई फक्त पाठी बघते. कप्तान बोट वळवून दोन्ही बाजूंना संधी देतात का, हे चढतानाच विचारा. आमच्या कप्तानाने वळवली. आईने आधी देवमाशाच्या फवाऱ्याचा आवाज ऐकला, कुणीतरी प्रेशर कुकरची शिट्टी काढल्यासारखा, आणि मग शेपटी पाहिली.

उतरताना सगळ्यांत शेवटी उतरा. मागून ढकलणारं कुणी नसतं.

बोट जमणारच नसेल तर

लॉस एंजलीसजवळ पॉइंट व्हिसेंटे इथे डिसेंबर ते मे स्वयंसेवक कड्यावर दुर्बिणी घेऊन बसतात आणि जाणारे-येणारे करडे देवमासे मोजतात. देवमासे लांबूनच दिसतात, पण तिथे शिडी नाही, उलटी नाही. घडीची खुर्ची, दुर्बीण आणि थर्मासभर चहा नेला की झालं.