बोअरची गाडी बोलावण्याआधी गावाच्या पाण्याचा हिशोब कसा मांडायचा

वरुड तालुक्यात बागेला पाणी कमी पडलं की माणसाची पावलं ठरलेली. जमिनीतलं पाणी कुठं आहे ते सांगणारा पाणाड्या आणायचा, तळहातावर नारळ उभा राहतो का पाहायचं, गाडी लावायची. दोनशे फुटांवर नाही लागलं तर पाचशे, तिथंही धूळच निघाली तर आठशे. कर्ज वेगळं. मी संत्रावाली आहे, ग्रामपंचायतीची सदस्य आहे आणि हाती येईल ते वाचायची मला जुनी खोड आहे. गेलेल्या समाजांबद्दल वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: साठा आटायला लागला की लोकांना नवी शक्कल सापडते, शक्कल काही वर्षं चालते, आणि तेवढी वर्षं कोणी मूळ साठा मोजत नाही. तेव्हा गावात हिशोब मांडायचा तर गाव सध्या कोणत्या शकलेवर भागवतंय, ते शोधण्यापासून सुरुवात करा.

ग्रामसभेत सांगायला मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली सुमेरची, म्हणजे आजच्या दक्षिण इराकची. तैग्रिस-युफ्रेटिसचं पाणी पाटानं शेतात आणलं, पण निचऱ्याची सोय पुरेशी नव्हती. जमिनीतलं पाणी वर चढलं, सोबत मीठ चढलं. गव्हाला मीठ सोसत नाही, जवाला बरंच सोसतं. मातीच्या पाट्यांवरच्या नोंदी वाचून अभ्यासकांनी मांडलं की इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळपास सारखे होते, आणि १७०० पर्यंत दक्षिणेतून गहू जवळजवळ उठला. सगळा दोष मिठाचाच का, यावर त्यांच्यात वाद आहे. पण पीक बदलून भागतंय म्हणून कोणाला घाई वाटली नसणार, हे मला पटतं. आपल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारट आहे तिथल्या, माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या कॉड माशांची. १९६८ साली त्या समुद्रातून सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला. पुढं मासा कमी होत गेला, पण जहाजं मोठी होती, मासा शोधायची यंत्रं चांगली होती, त्यामुळे जाळी भरून यायची आणि समुद्रात अजून पुष्कळ आहे असं वाटायचं. १९९२ मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. आमच्याकडे जाळ्याच्या जागी आठशे फुटी बोअर आहे. पाइपातून धार तेवढीच पडते, म्हणून खालचं कोणी पाहत नाही.

प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाची गोष्ट मात्र सांगू नका. शेवटचं झाड तोडून लोक स्वतःच संपले, असं सगळीकडे सांगतात. झाडं गेली हे खरं, पण त्यात उंदरांचाही हात होता असं पुष्कळ अभ्यासक मानतात. १७२२ मध्ये युरोपीय जहाज पोचण्याआधी तिथली वस्ती कोसळली होती, असं अलीकडच्या डीएनए अभ्यासात दिसत नाही. मोठा घाव १८६२ नंतर बसला, पेरूच्या गुलाम पकडणाऱ्यांनी माणसं नेली तेव्हा. सभेत एखादा शिकलेला पोरगा हे काढतो आणि मग पाण्याचा विषय तिथंच राहतो.

आता गावाची शक्कल कागदावर आणा. पारावर मोठा कागद लावा आणि घरटी तीन प्रश्न विचारा. पहिली विहीर किंवा बोअर किती फूट होती आणि सगळ्यात नवी किती? मोटर किती एचपीची होती, आता किती? उन्हाळ्यात मोटर कोणत्या महिन्यात हवा मारायला लागते, आणि दहा वर्षांआधी कधी लागायची? म्हाताऱ्या बाया आणि बागेचे सालदार यांची उत्तरं सगळ्यात पक्की असतात. मालक फुटं कमी सांगतो, सालदार पाइप मोजून सांगतो.

मग मोजणी. चार-पाच उघड्या विहिरी निवडा, शिवाराच्या वेगवेगळ्या टोकांच्या. दोरीला दगड बांधा, दर पाच फुटांवर गाठ मारा. रात्रभर मोटर बंद ठेवून पहाटे मोजा, नाहीतर आकडा खोटा येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून ४ वेळा मोजते. गावाला मे अखेर आणि कोजागिरी असं दोनदा केलं तरी पुरे, मात्र दरवर्षी त्याच विहिरी आणि तोच दगड.

जमाखर्च असा मांडायचा. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. शिवार ५०० हेक्टर, पाऊस ८०० मिलिमीटर धरला तर ४० लाख घनमीटर. आकडा ऐकून लोक खूश होतात, त्यांना जरा थांबवा. काळ्या पाषाणात थोडंच जिरतं, बाकीचं नाल्यानं जातं, उन्हानं उडतं, पिकं पितात. मी हिशोबाला ७ टक्के धरते, म्हणजे हाती आले २ लाख ८० हजार. आता खर्च. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. ८० सेकंदांत भरला तर तासाला ९ घनमीटर. रोज ६ तास, १५० दिवस चालवली तर एक मोटर ८,१०० घनमीटर खाते. भागाकार करा: चौतीस मोटरी. तेवढ्यात वर्षाची जमा संपली, आणि यात पिण्याचं पाणी धरलेलंच नाही. आमच्या भागात चौतीस मोटरी एका नाल्याच्या काठानं मोजून होतात. हा आकडा फळ्यावर येतो तेव्हा सभेत पहिल्यांदा शांतता होते, तेव्हाच नियमाचं बोला.

नियम कोजागिरीलाच करा. विहिरी भरलेल्या असतात, माणसं मोकळी असतात. एप्रिलमध्ये बसलात तर प्रत्येकाची झाडं पिवळी पडत असतात आणि बोलणं भांडणावर जातं. आमच्याकडचा खरा प्रश्न बहाराचा आहे, म्हणजे संत्र्याला फुलं कोणत्या हंगामात आणायची याचा. अंबिया, म्हणजे उन्हाळ्याआधीचा बहार, धरला की जानेवारीपासून पावसापर्यंत पाणी देत राहावं लागतं. मृग, म्हणजे पावसाळ्याचा बहार, धरला तर एप्रिल-मेमध्ये बाग ताणावर असते, म्हणजे पाणी तोडलेलं असतं, ऐन टंचाईत उपसा थांबतो. मृगात जोखीम आहे, पाऊस लांबला की झाडाला नवी पालवी आणि फुलं फुटत नाहीत. म्हणून सगळ्यांनी मृग धरा असं म्हणू नका, कोणी ऐकणार नाही. जमा कमी दिसली त्या वर्षी कोण किती झाडं अंबियावर ठेवणार, एवढं ठरवा.

भांडण मिटवायला तहसीलचा माणूस नको, गावचाच हवा. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी १२ वाजता चर्चच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. न्याय देणारे पाटावरचे शेतकरीच असतात आणि सगळं तोंडी चालतं. युनेस्कोनं २००९ मध्ये त्याची नोंद घेतली. एवढं लांब जायलाही नको. भंडारा, गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आहेत. पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, दुरुस्ती आणि पाणीवाटप गाव पाहत होतं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, ते बरंच झालं, पण तलाव सरकारकडे गेले आणि गाळ कोणी काढायचा हा प्रश्न उरला. आम्हा वऱ्हाडवाल्यांकडे मालगुजारी नव्हती, तलावही नाहीत, पण धडा तोच लागू आहे: वाटणाऱ्याच्याच हाती देखभाल ठेवा.

कोणी ठराव मोडून गाडी आणलीच तर आरडाओरडा करू नका. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विंधन विहिरीला मनाई आहे. ठरावाची प्रत गाडीवाल्याच्या हातात द्या, शेतमालकाच्या नाही. शेजाऱ्याचं तोंड रोज पाहावं लागतं, आणि गाडीवाल्याला दुसरं गाव मिळतं. मोजणीची वही बचत गटाकडे ठेवा, सरपंचाकडे नको; सरपंच पाच वर्षांनी बदलतो.