माचू पिचू आणि गॅलापागोस एकाच सहलीत: या चुका टाळा

पेरूतली इंका स्थळं आणि इक्वाडोरची गॅलापागोस बेटं एका दमात करायला हरकत काहीच नाही. भारतातून तिकडे पोचायलाच दीड दिवस लागतो, तेव्हा दोन्ही एकदम करणं शहाणपणाचंच. घोळ होतो तो आखणीत. डोंगरातला भाग एखाद्या दिवसाचा उशीर पोटात घेतो, गॅलापागोसचं क्रूझ जहाज घेत नाही. लोक मात्र बरोबर उलटं करतात: माचू पिचूसाठी मोकळा दिवस ठेवतात आणि जहाजाच्या आदल्या रात्रीपर्यंत पेरूत हिंडत राहतात.

जहाजाच्या आदल्या दिवशी कुस्को सोडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि दर हंगामात नव्याने होते. कागदावर आखणी झकास दिसते: सकाळी माचू पिचूजवळच्या कुस्को शहराहून लिमा, दुपारी लिमाहून इक्वाडोरचं ग्वायाकील, रात्री झोप, दुसऱ्या सकाळी गॅलापागोसमधल्या बाल्त्रा बेटाचं विमान, दुपारी जहाजावर.

आता घडतं काय ते बघा. कुस्कोचा विमानतळ ३,३०० मीटरवर, डोंगरांच्या कोंडाळ्यात. पावसाळ्यात सकाळी ढग खाली आले की विमानं अडकतात. तीन तास उशीर झाला की लिमाचं पुढचं विमान गेलं. तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांची असली (स्वस्त पडतात म्हणून बरेच जण तशीच काढतात) तर दुसरी कंपनी हात वर करते. मग लिमाला सामान ताब्यात घ्या, नवं तिकीट काढा, पुन्हा चेक-इन, पुन्हा इमिग्रेशन. ग्वायाकीलला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडून गेलेला असतो. बेटांकडे जाणारी विमानं बहुतेक सकाळची, ती निघून गेलेली.

जहाज थांबत नाही आणि कॅप्टनची इच्छा असली तरी थांबू शकत नाही. कोणत्या दिवशी कोणतं बेट, सकाळी की दुपारी, हे गॅलापागोस नॅशनल पार्कने प्रत्येक जहाजाला ठरवून दिलेलं असतं. पहिल्या रात्री जहाज बाल्त्राहून हेनोवेसाकडे निघालं असेल तर संपलंच. त्या बेटावर वस्ती नाही, विमानतळ नाही. लोकवस्ती सांता क्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि फ्लोरेआना या चारच मोठ्या बेटांवर. जहाज त्यांपैकी एखाद्या बेटाशी येईपर्यंत सांता क्रूझवरच्या पुएर्तो आयोरा गावातल्या हॉटेलात बसून राहायचं, तेही स्वतःच्या खर्चाने. बुडालेल्या दिवसांचे पैसे क्रूझवाले देत नाहीत.

हे झालं नुसत्या ढगांचं. जानेवारी २०२३ मध्ये पेरूतल्या आंदोलनांमुळे माचू पिचू काही आठवडे बंद होतं. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्रीच्या वादातून झालेल्या संपात रेल्वे अडली.

उपाय एकच: पेरू आणि जहाज यांच्यामध्ये दोन पूर्ण रात्री, आणि त्या ग्वायाकीलला. एक रात्र पुरते असं एजंट सांगतात, कारण पॅकेजचे दिवस कमी दिसले की गिऱ्हाईक लवकर हो म्हणतं. राजधानी कीटोऐवजी ग्वायाकील अशासाठी की कीटोहून निघणारी बरीच विमानं ग्वायाकीलला थांबूनच पुढे जातात. म्हणजे कीटोला पहाटे उठायचं, ग्वायाकीलला निवांत. शिवाय ग्वायाकील समुद्रसपाटीला आहे, झोप शांत लागते. दिवस रिकामा गेलाच तर शहराच्या मधोमध सेमिनारिओ बागेत इग्वाना लोळत पडलेले असतात, ते बघा.

आधी काय, पेरू की बेटं? पेरू. पायपीट आणि पहाटेची उठबस ताज्या अंगाने होते. बेटं आधी केली तर आठवडाभर समुद्रसपाटीवर राहून थेट साडेतीन हजार मीटरवर चढायचं. आधी उंचावरच्या कीटोत राहून शरीराला झालेली थोडीफार सवयही तोवर गेलेली असते.

कुस्कोला उतरून कुस्कोलाच राहणं

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी गत इथे दिसते. विमानातून उतरले की सामान हॉटेलात टाकून दुपारी साक्साइवामानचे इंका अवशेष, दुसऱ्या दिवशी विनिकुन्का, म्हणजे तो फोटोतला रंगीत डोंगर. तो ५,००० मीटरच्या वर आहे. डोकं ठणकतं, जेवण जात नाही, रात्रभर झोप नाही, आणि ज्या माचू पिचूसाठी एवढा खटाटोप केला तिथे माणूस पायरीवर बसून राहतो.

कुस्को ३,४०० मीटर, उरुबांबा आणि ओयांतायतांबो २,८०० च्या आसपास, माचू पिचू २,४३०. म्हणजे मुख्य ठिकाणच सगळ्यात खाली आहे. तेव्हा विमानतळावरून गाडी करून थेट सेक्रेड व्हॅलीत, म्हणजे उरुबांबा-ओयांतायतांबोच्या खोऱ्यात उतरा. पहिला दिवस काही करू नका, चालायचं तेही सपाटीवर. दुसऱ्या दिवशी ओयांतायतांबोचा किल्ला, तिसऱ्या दिवशी पिसाक किंवा मोराय ही इंका स्थळं, मग रेल्वेने माचू पिचू, आणि कुस्को शेवटी. दारू पहिले दोन दिवस बंद. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी घेतली म्हणून विनिकुन्काला पळायची मुभा मिळत नाही.

'माचू पिचूचं तिकीट' एवढंच बुक करणं

जून २०२४ पासून तिथे तीन सर्किट, म्हणजे आत फिरायच्या ठरलेल्या वाटा, आणि त्यांत मिळून दहा मार्ग आहेत. तिकिटावर मार्ग, तास, नाव आणि पासपोर्ट नंबर छापलेला असतो. सर्किट १ मध्ये वरच्या पायऱ्यांवरून फोटो मिळतो, पण खालच्या वास्तूंत फिरता येत नाही. सर्किट ३ मध्ये खालचा भाग, आणि वाइना पिचूचं शिखर चढायचं असेल तर त्याचं तिकीटही याच सर्किटात. पहिल्यांदा जाणाऱ्याने सर्किट २ घ्यावं, त्यात दोन्ही मिळतं. ते सगळ्यात आधी संपतं, म्हणून क्रूझची तारीख पक्की झाली की लगेच हे तिकीट, मग रेल्वे, मग विमानं. हा क्रम मोडू नका. पासपोर्ट मधेच नवा काढला तर जुनाही सोबत न्या.

माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावात दुसऱ्या दिवशीची तिकिटं रोज खिडकीवर विकतात हे खरं. पण हवा तो मार्ग आणि हवी ती वेळ मिळेलच असं नाही, आणि पुढे जहाज ठरलेलं असताना या जुगारावर विसंबणं म्हणजे आळस आहे.

आत स्वच्छतागृह नाही आणि बाहेर पडलं की पुन्हा प्रवेश नाही. फाटकाबाहेरच जाऊन या. पाठपिशवी ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही. रेल्वेतही छोटी हातबॅगच नेता येते. मोठी सूटकेस ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवा.

क्रूझ केबिन बघून निवडणं

आठ दिवसांची क्रूझ म्हणजे सात रात्री आणि पुरते सहा दिवस, कारण पहिला आणि शेवटचा दिवस विमानात आणि बंदरात जातो. चार दिवसांची म्हणजे पुरते दोनच. पेरूतून एवढ्या लांब येऊन दोन दिवसांसाठी जहाजावर चढणं परवडत नाही. किमान पाच दिवसांची घ्या.

सोळा प्रवाशांची छोटी बोट बरी. नियमाप्रमाणे सोळा जणांमागे एक नॅचरलिस्ट गाईड असतो, म्हणजे अख्खी बोट एकाच वेळी किनाऱ्यावर उतरते, ताटकळावं लागत नाही. शंभर प्रवाशांच्या जहाजावर गटागटाने उतरवतात. छोटी बोट हलते मात्र जास्त.

बाल्कनीपेक्षा मार्ग बघा. एकाच जहाजाला तीच जागा चौदा दिवसांच्या आत पुन्हा देत नाहीत, म्हणून एकाच बोटीचे दोन वेगळे फेरे असतात. लाल पायांचे बूबी पक्षी बघायचे तर हेनोवेसा असलेला फेरा, न उडणारे कॉर्मोरंट बघायचे तर फर्नांदिना आणि पश्चिम इसाबेला. अल्बाट्रॉस एस्पान्योलावर एप्रिल ते डिसेंबर. जहाज बाल्त्राहून निघतं की सान क्रिस्तोबालहून, हे पक्कं झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

महिना

पेरूत नोव्हेंबर ते मार्च पाऊस. माचू पिचूला पायी जाणारा इंका ट्रेल फेब्रुवारीत बंदच असतो. बेटांकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समुद्र सगळ्यात खवळलेला आणि पाणी गार. मे महिना दोन्हीकडे चांगला, आणि तो आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीत येतो.

किरकोळ, पण नडणाऱ्या

बोट लागते का ते बोटीवर चढून बघायचं नसतं. घाटासाठी ॲव्होमिन घेणाऱ्यांनी ती रात्री बोट सुटण्याआधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतून बाहेर जाते.

बुटांना लागलेली मोरायची माती पुसून, ब्रशने घासून मगच बेटांकडे जा. इक्वाडोरच्या विमानतळावर सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते. ताजी फळं, कच्चे शेंगदाणे, अख्खी कडधान्यं, मेथीदाणे नेऊ नका. कंपनीचं सीलबंद फराळाचं पाकीट पिशवीत वरच ठेवा, विचारलं तर दाखवता येतं.

पार्कचा प्रवेश ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढाला २०० डॉलर, बारा वर्षांखालच्या मुलाला १००. रोख न्या, नोटा न फाटलेल्या. इक्वाडोरचं चलन डॉलरच आहे, पण दुकानात शंभरची नोट कुणी घेत नाही. पाच-दहाच्या नोटा ठेवा. बेटांचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे असतं.

अमेरिका किंवा शेंगेनचा (युरोपचा सामायिक) किमान सहा महिने वैध व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टवर पेरूत प्रवेश मिळतो. ती सवलत इक्वाडोरलाही आपोआप लागू होते असं धरून चालू नका. दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीकडून लेखी विचारा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असेल तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच.

आणि यलो फीव्हरची लस. पेरू आणि इक्वाडोर दोन्ही भारताच्या यादीत आहेत, त्यामुळे मुंबईला परत उतरताना प्रश्न येतो. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रावरच मिळते, ठरावीक वारीच मिळते, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. महिनाभर आधी वेळ घ्या. साठीच्या पुढच्यांनी आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोला. येताना कोकाच्या पानांची किंवा चहाची पाकिटं बॅगेत राहिली नाहीत ना, ते लिमालाच तपासा. पेरूत ती किराणा दुकानात मिळतात, पण अमेरिकेत आणि भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात.