मुलांचं पुस्तक दुकानातच तपासा

माहितीचं पुस्तक असेल तर मुखपृष्ठ सोडून आधी आवृत्तीचं पान उघडा. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे बहुधा जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर बरं. मग स्वतःला पक्की ठाऊक असलेली एखादी गोष्ट शोधा. प्लूटो अजून नववा ग्रह आहे? प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळलं; म्हणजे मजकूर त्याआधीचा, किंवा त्यानंतर कुणी तो तपासलेलाच नाही. भारतातून चित्ता नाहीसा झाला एवढंच सांगून थांबणारं पुस्तकही मागे पडलंय. २०२२ साली नामिबियाहून मध्य प्रदेशातल्या कुनो अभयारण्यात चित्ते आणले गेले.

चित्रं तर नक्कीच तपासा. एकाच बर्फावर पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल दिसलं की पुस्तक खाली ठेवा. पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, अस्वल उत्तर ध्रुवाकडचं. (अशी चित्रं आपल्याकडे सर्रास दिसतात.)

गोष्टीच्या पुस्तकाला वेगळी कसोटी. मधलंच एखादं पान हळू आवाजात वाचा. आपलीच जीभ अडखळत असेल, तर रोज रात्री ते वाचून दाखवणं जड जाईल. शेवटचं पानही बघा; तात्पर्य ठळक अक्षरांत छापलं असेल तर मी सहसा घेत नाही.

मूल स्वतः वाचणार असेल तर एक पान त्यालाच वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्हीच वाचून दाखवायचं. पहिली-दुसरीत गाडी बहुतेक जोडाक्षरांवरच अडते.