नव्या रोड बाइकचा पार्ट तुटला? या चुका टाळा

"दादा, नव्या गाडीचा डिरेलर तुटला, इंदूरमध्ये कुठे मिळेल?" इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर सकाळी भेटणाऱ्या नव्या पोरांचे असे फोन मला सारखे येतात. डिरेलर म्हणजे गिअर बदलताना चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग. मी उलट विचारतो की बाबा, तुटला कशाने? तर ते कोणालाच माहीत नसतं. आणि माझं सगळं म्हणणं तिथंच आहे. नव्या गाडीत जो पार्ट तुटतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कशामुळे तरी तुटलेला असतो, ते शोधल्याशिवाय नवा आणून लावलात तर तोही जाणार.

सगळ्यात मोठी चूक, हँगरकडे न बघणं.

मागचा डिरेलर फ्रेमला थेट लावलेला नसतो. मधे एक छोटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो, म्हणजे गाडी उजव्या बाजूला पडली तर तो वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी. आता ऑनलाइन घेतलेली गाडी खोक्यात येते, ट्रान्सपोर्टवाले ते खोकं कसं आपटतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे हँगर घरी येतानाच थोडा वाकलेला असू शकतो आणि वरून काहीच दिसत नाही.

रामबागेतल्या एका पोराचं हेच झालं. गाडी आली, गिअर टकटक वाजत होते. त्यानं व्हिडिओ बघून स्क्रू फिरवले, त्यात डिरेलरवर एल लिहिलेला स्क्रूही सैल केला. हा एल स्क्रू डिरेलरला स्पोककडे जाण्यापासून अडवतो, मोठ्या चकतीच्या पुढे जाऊ देत नाही, आणि हँगर आत वाकलेला असेल तर तो जास्तच महत्त्वाचा. सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं, कारण तिथं सगळ्यात मोठी चकती लागतच नाही. मग रविवारी आम्ही इंदूरजवळच्या चोरलला गेलो. परत येताना सिमरोलचा घाट चढायचा असतो, तिथं त्यानं शेवटचा हलका गिअर टाकला आणि डिरेलर सरळ मागच्या चाकात घुसला. हँगरचे दोन तुकडे, डिरेलरचा पिंजरा (छोटी चाकं धरणारा भाग) पिळलेला, काही स्पोक वाकलेले. नशिबानं चढावर वेग कमी होता, पोरगा पडला नाही.

इथपर्यंत एक वेळ समजू शकतो, पण पुढे त्यानं जे केलं त्याचा मला अजून राग येतो. तुटलेला हँगर तिथंच रस्त्याच्या कडेला फेकून दिला, "आता काय कामाचा?" म्हणून. अरे, तोच तर कामाचा होता! हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, भोकं कुठे आहेत, कडा कशी आहे, जाडी किती, हे जुळवूनच नवा मागवावा लागतो. घरी येऊन ह्यानं कुठलातरी "सगळ्या गाड्यांना बसतो" वाला हँगर आणला, तो बसेना, तर जवळच्या मेकॅनिकनं फाइलनं घासून बसवला, "हो जाएगा भिया" म्हणत. झालं काहीच नाही, उलट फ्रेमची जागा घासली गेली. शेवटी फ्रेमचा फोटो आणि मॉडेलचं नाव पाठवून बाहेरून बरोबर हँगर मागवला, सोबत नवा डिरेलर, नवे स्पोक. जो खर्च एका छोट्या तुकड्यात निघाला असता तो चांगलाच वाढला.

माझी सवय सांगतो. नवी गाडी आली की मी मागे उभा राहून आधी डिरेलर बघतो. त्यातली दोन छोटी चाकं वरच्या चकतीच्या सरळ रेषेत खाली लटकलेली दिसली पाहिजेत. तिरकी दिसली तर कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही, हँगर सरळ करायचं खास हत्यार असतं, ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जायचं. पान्यानं अंदाजे वाकवू नका, तो तुकडा परत परत वाकवला की तुटतो. मग मागचं चाक उचलून हातानं हळूहळू पेडल फिरवत सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन नेतो आणि डिरेलर-स्पोकमधलं अंतर बघतो. दोन मिनिटांचं काम आहे. आणि गाडी घेतानाच एक जादा हँगर घेऊन ठेवा, सीटखालच्या पिशवीत मावतो. तुटलेल्या हँगरला वेल्डिंग करून आणणारेही असतात, ते अजिबात करू नका.

दुसरी चूक पेडलची, आणि ही तर घरी गाडी जोडणारे हमखास करतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते डावीकडे फिरवून घट्ट होतं. पेडल मारता मारता सुटू नये म्हणून तसं केलेलं असतं. पेडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं, ते वाचायचं, बस. पण घाईत कोणीतरी उजवं पेडल डाव्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्या दांडीला बसतं तिच्यात, लावतो, जाईना म्हणून मोठा पाना लावून जोर देतो, पेडलचा दांडा स्टीलचा आणि क्रँक अ‍ॅल्युमिनियमची, मग काय होणार? मेकॅनिक सांगतो "चूड़ी मर गई", म्हणजे आटे गेले. पेडल हातानं दोन-तीन आटे गेलंच पाहिजे, नाही गेलं तर थांबा. मी थोडं ग्रीस लावून नेहमी बोटांनीच सुरुवात करतो.

क्रँकचंही तसंच. डावी क्रँक हलतेय, कटकट आवाज येतोय, तरी "घरी जाऊन बघू" म्हणत वीस किलोमीटर चालवणारे लोक आहेत. सैल क्रँकवर जोर दिला की तिचं भोक आतून झिजतं, मग कितीही आवळा, राहत नाही. उतरा, अ‍ॅलन की खिशात असेल तर आवळा, नसेल तर लोडिंग रिक्षा बोलवा. शिमानोच्या ज्या क्रँकला बाजूला दोन छोटे बोल्ट असतात, त्यांना आवळायला साधारण 12 ते 14 न्यूटन मीटर जोर लागतो, आणि दोन्ही आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. नवी डावी क्रँक सुटी मिळते, फक्त आतल्या बाजूला लिहिलेली लांबी बघून घ्या, 170 मिमी असेल तर 170च.

एक स्पोक तुटला तर तेवढाच बदलून निघू नका, बाकीच्यांचा ताण तपासून घ्या, नाहीतर थोड्या दिवसांत शेजारचा जाईल. स्पोक नेताना जुना सोबत न्या, मागच्या चाकात डाव्या-उजव्या बाजूची लांबी बहुतेक वेगळी असते.

ट्यूबचा व्हॉल्व बारीक असेल तर हवा भरायचा अ‍ॅडॉप्टर जवळ ठेवा, पंक्चरवाल्याची नळी ओढूनताणून बसवली की व्हॉल्वची पिन वाकते.

गिअर जड लागायला लागला, गिअरच्या केबलचे तंतू सुटताना दिसले, तर तुटायच्या आधी केबल बदला. शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या लिव्हरच्या, आत तुटली तर केबलचं डोकं आतच अडकतं.

आता वॉरंटी. लोक आधी पार्ट खोलतात, मग कंपनीला फोन करतात. उलटं करा. खोक्यापासून व्हिडिओ काढा, तुटलेला भाग जसा आहे तसा फोटोत घ्या, बिल आणि फ्रेम नंबर जपून ठेवा, हा नंबर बहुतेक गाड्यांना दोन्ही पेडलच्या मधे, फ्रेमच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड ह्या झिजणाऱ्या वस्तू सहसा वॉरंटीत धरत नाहीत, त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका. पण गाडी वाकलेल्या हँगरसहच आली असेल तर ती तुमची चूक नाही, तक्रार लेखी करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रीवाल्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाली काढायची असते. कोणी दाद दिली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, हिंदीतही बोलतात, तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि उत्तर येईपर्यंत तुटलेला तुकडा नाव आणि तारीख लिहून पिशवीत ठेवा, मेकॅनिकलाही देऊ नका.