नवीन मोटरहोम गळून राहिली? पाईप लावा, पण त्यांच्या माणसासमोर

जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला त्या रात्री आमची नवीकोरी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, नागपुरात मनीषनगरला घरासमोरच उभी होती. सकाळी बायको आतून काहीतरी आणायला गेली आणि तिथूनच ओरडली, अहो, गादी ओली आहे. गाडी साडेतीन महिन्यांची. छतात जो हवेचा पंखा बसवलाय ना, त्याच्या कडेनं पाणी शिरत होतं आणि आतल्या प्लायच्या मागून सरकत सरकत बिछान्याच्या डोक्याशी टपकत होतं. पंख्याखाली मात्र एक थेंब नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस तर आम्ही खिडकीलाच दोष देत बसलो.

तेव्हापासून दोन-तीन ओळखीच्यांनी फोन करून विचारलं की भाऊ, तू पुढे काय केलं, कुठे गेला, काही मिळालं का. प्रत्येकाला अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिले हे समजून घ्या की आपल्याकडे मोटरहोम म्हणजे एका कंपनीची एक गाडी क्वचितच असते, तो तीन दुकानांचा माल असतो. चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन मोठ्या कंपनीचं, ते डीलरकडून येतं. राहायचा भाग बॉडी बिल्डर, म्हणजे गाडीची बॉडी बांधणारा, करतो. आणि फ्रिज, एसी, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, टॉयलेट हे सगळं बाहेरून आणलेलं, प्रत्येकाचं वॉरंटी कार्ड वेगळं. मी फोन लावला तर बिल्डर म्हणे पंख्याची वॉरंटी पंख्यावाल्याची, पंखेवाला म्हणे बसवणाऱ्यानं सीलंट नीट नाही भरलं, आणि डीलर म्हणे छत कापलंय तुमचं, आमचा काय संबंध जी. तिघंही अगदी गोड बोलले. आठवडा गेला त्याच्यात, आणि प्लाय फुगत राहिलं.

तर ही टोलवाटोलवी बंद करायला कागद लागतो, आणि तो कागद बहुतेकांच्या घरात पडून असतो पण कोणी उघडून पाहत नाही. बॉडी वेगळीकडे बांधलेली असेल तर नोंदणीच्या वेळी फॉर्म २२-ए लागतो. त्याचे दोन भाग असतात, पहिल्यावर चॅसिस बनवणाऱ्याची सही आणि दुसऱ्यावर बॉडी बांधणाऱ्याची. म्हणजे आपण बांधलेल्या भागाची जबाबदारी बिल्डरनं स्वतः सही करून घेतलेली असते. त्याची कॉपी मागून ठेवा. आरसीवर वाहनाचा प्रकार मोटर कॅरॅव्हॅन (मोटरहोमचं सरकारी नाव) असाच लिहिलाय का तेही बघा. मोटर कॅरॅव्हॅनला एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, त्याखालचं मंजुरीचं प्रमाणपत्र बिल्डरकडून घ्या. आरसीवर साधी व्हॅन आणि आत किचन-पलंग असं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे नोंदीपेक्षा वेगळा बदल केल्याचा, घोळ तुमच्या गळ्यात पडतो आणि इन्शुरन्सवाल्यालाही बोट दाखवायला जागा मिळते. एमएच-३१ असो, ४० असो की ४९, हे तपासायला आरटीओत जायची गरज नाही, आरसी हातात घेऊन वाचायची फक्त.

आता दोष शोधायचे कसे. गळती, वजन आणि वायरिंग, माझ्या मते ह्या तीन गोष्टी सोडून बाकीचं किरकोळ आहे. ड्रॉवर निघून येतो, पडद्याची रेल वाकडी, हे लिहा पण त्यावर भांडू नका, खऱ्या तक्रारीची धार जाते.

गळतीसाठी बगिच्याचा पाईप. आतली गादी काढा, खाली जुने पेपर अंथरा, आतल्या कडांना टाल्कम पावडर भुरभुरा. मग बाहेरून पाणी मारायचं ते खालून वर. आधी खिडक्या, मग बाजूचे जॉइंट, मग छताची कड आणि सगळ्यात शेवटी पंखा आणि एसीची जागा, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. पावडरमध्ये पाण्याची वाट अशी स्पष्ट उमटते की फोटो काढला की वाद संपला. हे एकदा स्वतः करून बघा, पण खरा प्रयोग कंपनीचा माणूस समोर असताना करायचा. आमच्याकडे बिल्डरचा जो पोरगा आला होता तो पाच मिनिटं पाणी मारून म्हणाला, काकाजी, काहीच नाही येऊन राहिलं. मी म्हटलं बेटा, चहा घे, पाईप चालू राहू दे. अकराव्या मिनिटाला पेपर काळा पडला. त्याच्याच फोनवर त्याचाच व्हिडिओ काढून घेतला आणि त्याच्याच फोनवरून मला पाठवायला लावला.

वजनाकडे तर कोणी बघतच नाही. वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या इथे धरमकाटे आहेत, तिथे गाडी चढवा आणि पावती घ्या. आमच्या गाडीला एकूण ३,५०० किलोची परवानगी, आरसीवर रिकामं वजन २,९४०. १२० लिटरची टाकी भरून, सामान काही नाही, मी खाली उतरलेलो, तरी काट्यावर ३,१८०. पाण्याचे १२० काढा, डिझेलचे पन्नास धरा, तरी सत्तर किलो कुठून आले ते बिल्डरला आजपर्यंत सांगता आलं नाही. चार माणसं बसली की २८० किलो, म्हणजे आमच्या पेंचच्या ट्रिपला कपडे आणि भांड्यांसाठी चाळीस किलो उरले. आणि आपल्याकडे मे महिन्यात डांबर तापलेलं, टायर आधीच गरम, त्यात जास्त वजन म्हणजे टायर फुटायला आमंत्रणच. ती पावती पन्नास-शंभर रुपयांत येते पण पुढे ग्राहक आयोगासमोर तिच्यासारखा साक्षीदार नाही, तिला उलटतपासणी होत नाही.

वायरिंगला साधा मल्टिमीटर पुरतो. फ्रिजचा कंप्रेसर चालू असताना बॅटरीच्या टोकावर मोजा आणि मग फ्रिजच्या प्लगवर मोजा. आमचं बॅटरीवर १२.६ आणि फ्रिजजवळ १०.७ होतं. जवळजवळ दोन व्होल्ट रस्त्यात जातात म्हणजे वायर बारीक वापरलीय, ती गरम होणार, आणि फ्रिज कमी व्होल्टेज समजून बंद पडणार. सर्व्हिसवाला फ्रिज दोनदा बदलून गेला होता, दोष फ्रिजचा नव्हताच.

सगळे दोष एकाच ईमेलमध्ये लिहा आणि तो ईमेल डीलर, बिल्डर आणि ज्या उपकरणाची तक्रार आहे ती कंपनी, अशा सगळ्यांना एकत्र पाठवा, वेगवेगळा नाही. म्हणजे एकानं दुसऱ्यावर ढकललं की ते तिसऱ्यालाही दिसतं. फोनवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका की आज तुम्ही असं असं म्हणालात. व्हॉट्सॲपवरचं डिलीट करू नका, पुढे इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून तेच लावावं लागतं.

जॉब कार्डाचं, म्हणजे सर्व्हिस सेंटर गाडीच्या कामाची नोंद लिहितं त्या कागदाचं, मात्र फार सांभाळा. तिथे सुपरवायझर "कस्टमर सेज वॉटर लीकेज" लिहितो आणि काम झाल्यावर "चेक्ड, फाउंड ओके". अशी तीन जॉब कार्डं तयार झाली की पुढे त्यांचा वकील म्हणणार, तीनदा तपासली आणि तीनही वेळा गाडी ठीक निघाली. म्हणून दोष तुमच्या शब्दांत लिहायला लावा, कुठे, किती, कशानं दिसतो. गाडी परत घेताना समाधानकारक ह्या चौकटीखाली आंधळी सही करू नका, "दोष कायम, नाइलाजाने ताबा घेतला" असं हातानं लिहून सही करा. काउंटरवरची पोरगी तोंड वाकडं करते, करू द्या. गाडी किती दिवस त्यांच्याकडे उभी होती त्याची तारीखवार वहीही ठेवा. आणि काहीही झालं तरी वैतागून स्वतःच्या पैशानं हिंगण्याच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून छत खोलून घेऊ नका. मला तो मोह फार झाला होता. एकदा बाहेरचा हात लागला की ते म्हणायला मोकळे की दोष त्यानंच केला.

एवढं करूनही हलले नाहीत तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, कंपनीकडे तक्रार पाठवतात, पण मोठ्या चॅसिस कंपन्या तिथे उत्तर देतात असा माझा अनुभव, लहान बिल्डर नाही देत. मग वकिलाची नोटीस, पंधरा किंवा तीस दिवसांची मुदत देऊन. मी पाठवली तेव्हा आरपीएडी, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट, होतं, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तर आता स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा.

मग ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक फार मोठी सोय केलीय, बिल्डर पुण्याचा असो की दिल्लीकडचा, तक्रार तुम्ही राहता तिथेच करता येते, म्हणजे आपल्याला सिव्हिल लाइन्स. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. इथे फक्त मोजलेले पैसे धरतात, नुकसानभरपाईची मागणी नाही. चॅसिसचं बिल वेगळं आणि बांधणीचं वेगळं असेल तर दोन्ही जोडा. २० ते ५० लाखांच्या व्यवहाराला फी १,००० रुपये फक्त. अर्ज आता ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि सर्व्हिसवाले पुढच्या महिन्यात करून देतो म्हणत म्हणत ती खाऊन टाकतात, तर कॅलेंडरवर तारीख लाल करून ठेवा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर १५ जास्तीचे, त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये पक्कं केलंय.

विरुद्ध पक्ष म्हणून तिघांनाही घाला. पण प्रत्येकाविरुद्ध त्याचा त्याचा दोष लिहा, नुसते तिघे जबाबदार असं ठोकून देऊ नका. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका गाडीच्या प्रकरणात म्हटलंय की डीलरनं जे केलं ते उत्पादकाला माहीत होतं हे दाखवल्याशिवाय उत्पादकाला धरता येत नाही. आणि नेटवरून उतरवलेल्या नमुन्यात कलम ८४, उत्पादन दायित्व, असं जोरात लिहिलेलं असतं, त्यात वाहून जाऊ नका. उत्पादन दायित्वासाठी जी "हानी" धरतात तिच्या व्याख्येत खुद्द वस्तूचं नुकसान येतच नाही. वायर जळून कोणी भाजलं तर ते कलम. छत गळतंय ही साधी वस्तूतल्या दोषाची आणि सेवेतल्या त्रुटीची तक्रार आहे, आणि तीच भक्कम आहे.

मागायचं काय? सगळ्यांना नवी गाडी पाहिजे असते, मलाही पाहिजे होती. पण सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलंय की वॉरंटीत दोष असलेला भाग बदलून द्यायचं असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून मागणी उतरत्या क्रमानं लिहा, आधी पूर्ण परतावा, तो नाही तर दोष काढून द्या आणि वॉरंटी वाढवा, शिवाय गाडी उभी राहिली त्या दिवसांची भरपाई आणि खर्च. आणि उत्पादनातला दोष आहे हे तुमच्या तोंडी सांगण्यावर ठरत नाही, परवानाधारक मोटार सर्व्हेअरचा लेखी अहवाल आधीच लावा. अमेरिकेत लेमन लॉ (सदोष नवी गाडी परत घ्यायला लावणारा कायदा) आहे म्हणून लोक हळहळतात, पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मोटरहोमचा चालणारा भाग धरतात आणि राहायचा भाग वगळतात. आपल्या कायद्यात पलंगावरचं छतही वस्तूच.

गाडी भाड्यानं द्यायला घेतली असेल तर मात्र "व्यावसायिक हेतू" हा मुद्दा पहिल्याच उत्तरात येणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायद्यात सूट आहे, पण तसं तक्रारीतच स्पष्ट लिहा.

आमचं प्रकरण मध्यस्थीत मिटलं. छत पूर्ण उघडून नव्यानं सील, फुगलेलं प्लाय बदली, फ्रिजपर्यंत जाड वायर, आणि थोडे पैसे. वजनावर काही मिळालं नाही, टाकी अर्धीच भरतो. तडजोडीत आमच्या वकीलबाईंनी प्रत्येक कामापुढे तारीख घालून घेतली, कारण आयोगाचा आदेश पाळला नाही तर ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं, पण तारीखच नसेल तर मोडलं काय ते सांगणार कसं. गाडी परत आली आणि त्यांचा माणूस काम झाल्याच्या पुरशिसवर, म्हणजे आयोगात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही घ्यायला आला. मी म्हटलं बस जरा, आणि पाईप लावला. पाऊण तास. पेपर उचलून बघितले, कोरडे होते, मग सही केली.